दवाखान्याचा नंबर शोधताना सावध राहा

गेल्या महिन्यात रक्तदाबाच्या तपासणीसाठी एक काकू आल्या होत्या. गोळ्या नियमित चालू असूनही रक्तदाब १८०/१०० होता. झोप लागत नाही म्हणाल्या. मुलगा बाहेर गेल्यावर खरे कारण कळले. गुडघ्यासाठी एका मोठ्या रुग्णालयात वेळ घ्यायची म्हणून त्यांनी इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर फोन केला होता. "नोंदणीचे फक्त १० रुपये भरा," असे सांगून समोरच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. ती उघडली आणि संध्याकाळपर्यंत खात्यातली बरीचशी रक्कम गेली. घरात कोणालाच त्यांनी सांगितले नव्हते.

हे कसे घडते?

अशी फाइल बहुतेक वेळा 'एपीके' असते, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारे अ‍ॅप. ते एसएमएस वाचायची परवानगी मागते. आपण 'हो' म्हटले की बँकेचा ओटीपी थेट ठगाच्या हाती जातो. १० रुपये हे निमित्त असते. त्या बहाण्याने कार्डाचा नंबर किंवा पिन टाकून घेतला जातो. दुखणे असलेला माणूस घाईत आणि काळजीत असतो, म्हणून तो सहज सापडतो.

मोठी रुग्णालयेही सुटलेली नाहीत

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'चे सर्व्हर सायबर हल्ल्यामुळे बंद पडले. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले असे सारे काम अनेक दिवस कागदावर करावे लागले. त्याआधी मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या हल्ल्याने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या वेळा रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेक संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. लस उपलब्ध असून टोचून घेतली नाही, तसेच हे झाले.

आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यांनी यातून तीन गोष्टी शिकायच्या: संगणक वेळेवर अपडेट करणे, प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा पासवर्ड देणे आणि नोंदींची एक प्रत इंटरनेटला न जोडलेल्या डिस्कवर ठेवणे.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

- रुग्णालयाचा नंबर जुन्या केसपेपरवरून, बिलावरून किंवा रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या.
- वेळ घेण्यासाठी कोणी अ‍ॅपची फाइल पाठवली तर ती उघडू नका.
- यूपीआय पिन पैसे देताना लागतो, पैसे मिळण्यासाठी नाही. पैसे मिळण्यासाठी पिन मागितला तर फोन ठेवा.
- आधार, आभा क्रमांक आणि अहवाल अनोळखी नंबरवर पाठवू नका.
- चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि महत्त्वाचे अहवाल यांची कागदी फाइल घरी ठेवा. रुग्णालयाचे संगणक बंद पडले तर तीच उपयोगी पडेल.

फसवणूक झालीच तर

आधी मोबाइलचे इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० या हेल्पलाइनला व बँकेला कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली तर ती रोखता येण्याची शक्यता जास्त असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर होणाऱ्या अनधिकृत व्यवहारांचे नुकसान बँकेने सोसायचे असते. त्यामुळे कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

काकूंनी लाजेपायी चार दिवस घालवले. पैसे गेलेच, वर रक्तदाबही चढला. घरच्यांनो, अशा वेळी "एवढे कसे कळले नाही?" असे विचारू नका. शिकलेली, नोकरी करणारी माणसेही यात फसतात. झोप उडणे, छातीत धडधड किंवा सतत रडू येत असेल तर डॉक्टरांना सांगा. जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. छातीत दुखत असेल तर मात्र फोनाफोनीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.