बशीतली लाट

परवा नातीने संगणकावर एक चित्रफीत दाखवली. काचेच्या बशीत तांबूस द्रावणाचा पातळ थर आणि त्यात आपोआप उमटत, पसरत जाणारी निळी वर्तुळे... मी जन्मभर मराठी शिकवले, रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण दोन दिवस तिला छळून जे समजले ते सांगतो.

हे पाण्यावरचे तरंग नव्हेत. एका जागची रासायनिक क्रिया शेजारच्या जागेला चेतवते, ती पुढच्या जागेला. वणवा पसरावा तसे. लाट गेली की तिथले द्रावण थोडा वेळ थकलेले असते. ते सावरेपर्यंत दुसरी लाट तिथून जाऊच शकत नाही. म्हणून समोरासमोर आलेल्या दोन लाटा तिथेच विझतात.

१९५१ साली सोव्हिएत रशियात बोरिस बेलौसोव्ह यांनी अशा द्रावणाचा रंग पुन्हा पुन्हा बदलताना पाहिला. 'हे शक्यच नाही' म्हणून त्यांचा निबंध परत आला. पुढे झाबोटिन्स्की यांनी ते काम वाढवले आणि १९७० मध्ये झैकिन यांच्यासह या लाटांविषयी लिहिले. बेलौसोव्ह त्याच वर्षी वारले. लेनिन पुरस्कारात त्यांचे नाव आले ते १९८० साली!

मला विशेष वाटले ते पुढचेच. ऊब वाढली की लाट वेगाने धावते, गारव्यात मंदावते. द्रावणात लोहाऐवजी रुथेनियमचे संयुग घातले तर त्याला उजेड कळतो. उजेडाने ब्रोमाइड तयार होते आणि लाट मंदावते, प्रखर उजेडात विझतेसुद्धा. उजेड काढला की त्याच द्रावणातून पुन्हा लाट जाऊ शकते.

हे ऐकताना मला एक मुलगा आठवला. पहिल्या तासाला मागच्या बाकावर पेंगायचा. मी त्याला भर वर्गात 'मठ्ठ' म्हटले होते. तो पहाटे चारला उठून घरोघर दूध घालतो, हे मला वर्ष संपल्यावर कळले.

माणूस म्हणजे द्रावण नव्हे, हे मलाही समजते. पण लाट दिसली नाही तर प्रयोग करणारा आधी उजेड बघतो, तापमान बघतो, द्रावण सावरले आहे का ते बघतो. मग ते टाकून द्यायचे का, हे ठरवतो. शिक्षकाने मुलासाठी एवढे तरी करावे, असे माझे मत आहे. "बाळा, सकाळी किती वाजता उठलास?" एवढाच प्रश्न होता. तो मी विचारला नाही.