पुट्टी मारली की घर विकायला तयार?

गेले दोन महिने आमच्या घरी एकच विषय चालू आहे. फ्लॅट विकणे! सिंहगड रोडवरचा आमचा टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि बाबांचे गुडघे आता जिना म्हटलं की कुरकुरतात. त्यामुळे विकायचा यावर वाद नव्हता. वाद झाला तो बेडरूमच्या एका भिंतीवरून.

पहिल्याच रविवारी एजंट आला. घरभर फिरला आणि धडाधड यादी सांगत सुटला. "काका, सगळीकडे पांढरा रंग मारून घ्या. माळ्यावरचं सामान हलवा. माणसं सकाळी अकराला बोलवायची, तेव्हा हॉलमध्ये ऊन असतं." इथपर्यंत ठीक. मग तो बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी थांबला. तिथे कमरेच्या उंचीपर्यंत ओल आहे, रंगाचे पोपडे सुटलेत, हात लावला की पांढरा खार बोटाला लागतो. त्याने नखाने एक पोपडा काढून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "हे खरवडून पुट्टी मारा, वर दोन हात रंग. आणि ते कपाट इकडे सरकवा. पावसाळ्यापर्यंत काही होत नाही, तोवर आपला व्यवहार होऊन जाईल."

बाबांनी मान डोलावली. माझं डोकं फिरलं.

आता तुम्ही म्हणाल, हा आला मोठा हरिश्चंद्र! तर तसं काही नाही. क्लायंटला डेमो द्यायचा असला की आम्हीही नको ते बटण दाबत नाही. पण डेमो संपल्यावर तो बग आमच्याच गळ्यात असतो, रात्री बसून आम्हालाच सोडवावा लागतो. इथे डेमो झाला की आपण किल्ली देऊन मोकळे. बग दुसऱ्याच्या घरात, आणि त्याचा वीस वर्षांचा हप्ता चालू.

बरं, पुट्टीने ओल जाते का? मुळीच नाही. पाणी येतं नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून, टाइल्सच्या फटींतून किंवा भिंतीतल्या गंजलेल्या पाइपातून. ते प्लास्टरमधून सरकताना क्षार बरोबर आणतं, आणि पृष्ठभागावर येऊन वाळलं की खार दिसतो. त्यावर रंगाचा पापुद्रा चढवला की ओलीला बाहेर पडायला जागा उरत नाही. मग ती रंगाला फुगवते नाहीतर बाजूची भिंत शोधते. म्हणजे पुट्टी मारून आपण विकत घेतो ते फक्त काही महिने. आणि त्याचे पैसे भरतो समोरचा.

"सगळेच करतात" हे बाबांचं म्हणणं. "घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं" हे एजंटचं. हे दुसरं वाक्य ऐकायला फार कायदेशीर वाटतं, म्हणून मी जरा शोधलं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 सालचा आहे. त्याचं कलम 55 सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधी काळजी घेऊनही न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक धरली जाते. आता गंमत बघा. भिंत जशी आहे तशी ठेवली तर ओल कोणालाही दिसते. पुट्टी मारून कपाट सरकवलं की दिसणारा दोष आपणच न दिसणारा केला! म्हणजे जबाबदारी झटकायला गेलो आणि ती स्वतःच्याच अंगावर ओढून घेतली.

शेवटी आम्ही बाथरूम फोडलं. ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग करून घेतलं, दोन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या काकूंच्या छतावर लक्ष ठेवलं. मग भिंत नीट वाळू दिली आणि तेव्हा कुठे रंग. खर्च अडतीस हजार. आधीचे फोटो आणि बिल एका फायलीत लावलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. एजंटने कपाळाला हात लावला.

हाच वेळ कागदांना दिला. तिथे वेगळीच ओल निघाली. करारनामा आई-बाबा दोघांच्या नावे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट फक्त बाबांच्या, आणि लाइटचं मीटर चक्क बिल्डरच्या नावावर! टेरेस बंद करून केलेली माझी अभ्यासाची खोली मंजूर नकाशात टेरेसच आहे. जाहिरातीत तिला 'तिसरी बेडरूम' म्हणायचं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. इंडेक्स टू, टॅक्सच्या पावत्या, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, हे सगळं गोळा करायला महिना गेला. घर विकायला तयार करणं म्हणजे खरं तर हे काम. रंगाला चार दिवस पुरतात.

नुकसान झालं का? झालं की. एक कुटुंब ओलीचे फोटो बघूनच परत गेलं. ज्यांच्याशी ठरलं त्यांनी ती फाइल पुढे करून एक लाख कमी करून घेतले. "एक लाख अडतीस हजारांना पडलं तुझं तत्त्वज्ञान," बाबा त्या दिवशी जेवताना म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आकडा बरोबर होता.

पण टोकन द्यायला ते नवरा-बायको आले तेव्हा त्यांची तीनेक वर्षांची मुलगी बरोबर होती. आई तिच्या हातात बिस्कीट देत होती आणि ती बाई नवऱ्याला सांगत होती, "हिचा पलंग या भिंतीला लावू." तीच भिंत. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि मग स्वतःच उठून त्यांना ट्रॅपची गॅरंटी कुठवर आहे ते समजावून सांगायला लागले.

घर जरूर आवरा, धुवा, रंगवा, पडदे बदला. त्यात काही वाईट नाही. फक्त ओलीवर पुट्टी मारायच्या आधी, पुढच्या जुलैत त्या भिंतीशी कोण झोपणार आहे एवढं एकदा आठवा. बघा पटतंय का.