संगणकाशी गट्टी : गावाला जोडा 'कर'!

दोस्तांनो, गाव यवतमाळ म्हणून आडनाव यवतमाळकर! कागदावर 'यवतमाळ'पुढे 'कर' लिहिलं की झालं. पण हेच काम 'सी' भाषेत करायचं तर आधी थोडं गणित करावं लागतं.

इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावतं. पण एका बाइटमध्ये 256 वेगवेगळे आकडेच बसतात. त्यात जगातल्या साऱ्या लिपी कशा मावणार? म्हणून युनिकोडने प्रत्येक चिन्हाला वेगळा क्रमांक दिला. 1991 पासून आपली देवनागरीही त्यात आहे. हे मोठे क्रमांक ठेवायला 'सी'मध्ये रुंद घरं असतात, त्यांना 'वाइड कॅरेक्टर' म्हणतात. अशा घरांच्या दोन माळा, म्हणजे स्ट्रिंग, जोडतं ते 'डब्ल्यूसीएसकॅट' हे फंक्शन. 1995 साली ते 'सी'च्या प्रमाणात दाखल झालं.

ते जोडतं कसं? यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर धावलेल्या 'शकुंतला' या नॅरोगेज गाडीबद्दल तुम्ही आजोबांकडून ऐकलं असेल. समजा, अशा दोन गाड्या जोडायच्या आहेत. पहिलीचा गार्डाचा डबा काढायचा, तिथे दुसरीचे डबे लावायचे आणि गार्डाचा डबा अगदी शेवटी! स्ट्रिंगचा गार्ड म्हणजे शून्य. फंक्शन पहिल्या स्ट्रिंगचं शून्य शोधतं, तिथूनच दुसरी स्ट्रिंग लिहितं आणि शेवटी पुन्हा शून्य ठेवतं.

पण गंमत अशी, की पुढे रूळ आहेत की नाहीत हे ते बघतच नाही! जागा कमी पडली तर गाडी सरळ शेजारच्या माहितीवर चढते. मग प्रोग्रॅम बंद तरी पडतो, नाहीतर गुपचूप चुकीची उत्तरं देतो.

म्हणून घरं आधी मोजा. 'यवतमाळ' दिसायला पाच अक्षरं, पण 'मा'चा काना वेगळं घर घेतो. झाली सहा. 'कर'ची दोन आणि शून्याचं एक, म्हणजे एकूण नऊ घरं. ही नऊ घरं म्हणजे नऊ बाइट नव्हेत हं! विंडोजवर एक घर 2 बाइटचं, म्हणजे 18 बाइट. लिनक्सवर सहसा 4 बाइटचं, म्हणजे 36.

आता तुमची पाळी. 'दारव्हा'ला 'कर' जोडायला किती घरं लागतील? जोडाक्षरात 'व'चा पाय मोडणारी खूणही एक घर अडवते, हे विसरू नका!

(उत्तर : दहा)