कॅमेरा घेताना लेन्स पाहावी

हातमागावरील अस्सल पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. ही खूण परगावच्या गिऱ्हाइकाला पटवायची, तर छायाचित्रात धागान् धागा दिसला पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या व्यापारी घरांत कॅमेऱ्याकडे आता याच दृष्टीने पाहिले जाते. शिवाय सुटीत वेरूळला इंद्रसभेत गेल्यावर कुटुंबाचे छायाचित्रही त्यानेच काढायचे असते. दोन्ही कामांना एकच डिजिटल कॅमेरा घ्यावयाचा झाल्यास निवड कशी करावी?

विक्रेता प्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात साधारण ६००० गुणिले ४००० बिंदू असतात. इंचास ३०० बिंदू धरले तरी २० इंच रुंद छपाई होते. त्याहून मोठ्या आकड्याची गरज क्वचितच पडते.

जवळच्या चित्रणाची खरी कसोटी लेन्सची असते. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स सेन्सरवर वस्तूची प्रतिमा बहुधा पाव ते एक तृतीयांश आकारातच उमटविते. एपीएस-सी सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर, म्हणजे चौकटीत किमान सात ते साडेनऊ सेंटिमीटरचा भाग येणारच. पदरावरील मोर त्यात छान येतो. जरीची वीण मात्र उलगडत नाही. त्यासाठी ‘एकास एक’ प्रमाणाची मॅक्रो लेन्स हवी. ती ९० ते १०० मिलिमीटरची असल्यास मालापासून थोडे दूर राहता येते व कॅमेऱ्याची सावली त्यावर पडत नाही.

इतक्या जवळून स्पष्टतेची खोली जेमतेम काही मिलिमीटर मिळते. म्हणून छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावे, तिपाई व दोन सेकंदांचा टायमर वापरावा. वेरूळला तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते; तेथे हाताचा कंप सावरणारी सोय उपयोगी पडते.

अंदाजपत्रक मर्यादित असेल तर कॅमेरा मध्यम किमतीचा घेऊन उरलेली रक्कम लेन्सकडे वळवावी. कॅमेऱ्याची नवी आवृत्ती आली की जुन्याची किंमत उतरते. चांगली लेन्स त्याच माउंटच्या पुढच्या कॅमेऱ्यालाही चालते. मिररलेस व डीएसएलआर यांचे माउंट वेगळे असतात, हे आधीच पाहून घ्यावे.

खरेदीस जाताना मालाचा एक नग सोबत न्यावा, तो दुकानातच टिपावा आणि चित्र संगणकावर पूर्ण आकारात पाहावे. वीण व रंग हातातील नगाशी जुळले, तरच पक्के बिल व वॉरंटी घेऊन व्यवहार पुरा करावा. चित्रात दिसले तेच गिऱ्हाइकाच्या हाती पडले, तर पेढीची पत टिकते.