तिरक्या भोकाची बदनामी

"स्क्रूने जोडायचे, ती काय सुतारकी?" असे नाक मुरडणारे सद्गृहस्थ आमच्या शाळेचे कपाट पाहायला आले होते. कुसू कापून खाचेत बसवावे, हे त्यांचे वेदवाक्य. कबूल! खुर्चीचा पाय मीही तसाच जोडीन. तिथे माणूस रेलतो, डुलतो. पण कपाटाच्या दर्शनी चौकटीवर कोण डुलतो? भार पेटी पेलते. चौकट तिलाच चिकटवलेली.

साचा धरून 15 अंशांत भोक पाडावे. 19 मिलिमीटर जाडीच्या फळीस 32 मिलिमीटरचा स्क्रू, कठीण लाकडास बारीक आट्यांचा, मऊ लाकडास मोठ्या आट्यांचा. शिकंजा मात्र घट्ट हवा, नाहीतर आवळताना लाकूड सरकते. (माझे सरकले होते!) भोके राहतात मागे. ही म्हणे फसवणूक! आणि कुसू काय खाचेबाहेर मिरवते?

गृहस्थांच्या स्वतःच्या घरी दाबलेल्या भुशाची कपाटे आहेत, ते असो. आमच्या नववीच्या मुलामुलींनी ती चौकट एका दुपारी उभी केली. कुसू साधायला वर्ष लागते, आणि सुतारकीचा तास आठवड्यातून एकच. तोही बंद करा, असे आता हेच गृहस्थ शाळेला सुचवीत आहेत.