चान्यांचा रस्सा आणि रक्तक्षयाचे आकडे

मार्च 2015 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि महाराष्ट्रात गायीपाठोपाठ बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैद. चर्चा धर्माची आणि शेतकऱ्याची झाली. आपल्या ताटाची फारशी झालीच नाही.

मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवायचे, त्या चान्या. फ्रिज नसलेल्या घरातली ती बेगमी. कांदा, लसूण, खोबरं, तिखट आणि येसूर घातला की रस्सा तयार. येसूर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाले यांचं कूट. त्यानेच रस्सा दाट होतो, तेल थोडं असलं तरी चालतं.

आता पोषण बघू. 100 ग्रॅम ताज्या, कमी चरबीच्या मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं आणि 2 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. हे लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी जास्त लागतं. बी-12 तर वनस्पतीतून जवळपास मिळतच नाही. चान्यांत मीठ खूप असतं, रक्तदाब असणाऱ्यांनी जपून खाव्यात, हेही खरं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात 15 ते 49 वयाच्या रक्तक्षयग्रस्त स्त्रिया 2015-16 मध्ये 48 टक्के होत्या, 2019-21 मध्ये 54.2 टक्के झाल्या. ही वाढ बंदीमुळेच झाली असं म्हणता येणार नाही. पण निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असताना गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस काढून घेणाऱ्या सरकारने त्याऐवजी काय दिलं, हे विचारावंच लागेल. शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचा निधीसुद्धा जानेवारी 2025 मध्ये थांबवला.

म्हशीच्या मांसावर राज्यात बंदी नाही. परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलमही मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केलं. तरीही डबा उघडताना भीती वाटते.

‘बाबासाहेबांनीच मांस सोडायला सांगितलं’ असं आपल्यातलेच काही सांगतात. महाडला 1927 मध्ये बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या जनावराचं मांस. प्रश्न माणुसकीच्या दर्जाचा होता. 22 प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, मांसाहार सोडण्याची वेगळी प्रतिज्ञा नाही. करुणेपोटी कुणी मांस सोडलं तर त्याचा आदरच आहे. पण तो निर्णय त्याचा असावा, पोलिसांचा किंवा जमावाचा नव्हे.

तरुणांनी एवढं करावं: वस्तीतल्या बायकांची हिमोग्लोबिन तपासणी करून घ्या आणि अंगणवाडी-शाळेत अंडं मागा. जय भीम.