वीज गेली, वाचाही गेली

ब्रिटनमधील घरगुती दूरध्वनी तांब्याच्या तारांवरून इंटरनेटवर नेले जात आहेत. जुनी यंत्रणा डिसेंबर २०२५ मध्ये बंद व्हायची होती. ती मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली. या विलंबाचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

नव्या पद्धतीत आवाजाचे अंकांत रूपांतर होते, त्याचे लहान तुकडे घरातल्या राउटरमधून बाहेर पडतात आणि कंपनीचा संगणक क्रमांकावरून पलीकडच्याचा ठावठिकाणा शोधून जोडणी करून देतो. ही व्यवस्था स्वस्त आहे, सोयीचीही आहे. परंतु जुन्या दूरध्वनीला लागणारी सुमारे ५० व्होल्टची वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने येत असे. घरात अंधार झाला तरी फोन बोलत राही. राउटरची मात्र वीज गेली की वाचाही जाते. एकाकी वृद्धांची मदतीची हाक पोहोचविणारी उपकरणे याच तारांवर विसंबून होती. त्यांतली काही बंद पडल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला कंपन्यांकडून हमी घ्यावी लागली.

ज्यांना दुसरे साधन नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास मदत मागता यावी, अशी ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेची अपेक्षा आहे. पण नोव्हेंबर २०२१ च्या ‘आर्वेन’ वादळानंतर काही हजार घरे आठवड्याहून अधिक काळ अंधारात होती! तेथे एका तासाची मातब्बरी ती काय? एक्स्चेंजने निमूटपणे वाहिलेला भार ग्राहकाच्या माथी मारणे ही प्रगती नव्हे. पुरेशा क्षमतेची बॅटरी देणे हे कंपन्यांचे औदार्य नसून कर्तव्य ठरले पाहिजे.